मगी सरांनंतर कोण?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ईस्ट फॉल्स नावाचा भाग आहे. तिथल्या एका लहानशा कॉलेजात १९६७ साली सव्वीस वर्षांचे हर्ब मगी बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२२च्या वसंतात, ऐंशी पूर्ण झाल्यावर, त्यांनी ती जबाबदारी सोडली. मधल्या काळात त्यांच्या संघाने ११४४ सामने जिंकले. विद्यार्थी म्हणून ते या आवारात आले ते १९५९ साली. म्हणजे खेळाडू, सहायक आणि मुख्य प्रशिक्षक मिळून त्रेसष्ट वर्षे त्यांनी एकाच संस्थेत काढली. अशा कारकिर्दीचे कौतुक व्हायलाच हवे. पण स्मरणिकेसाठी हा इतिहास लिहिताना मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. इतकी वर्षे एका माणसाच्या नावाने ओळखला जाणारा संघ दुसऱ्याच्या हाती गेला कसा? क्रीडा संस्थांच्या इतिहासात या प्रकरणाला सहसा दोन ओळी मिळतात, आणि बऱ्याच संस्था नेमक्या तिथेच अडखळतात.

या संस्थेचा जन्म कापडाच्या धंद्यातून झाला. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी फिलाडेल्फियात मोठे जागतिक प्रदर्शन भरवून साजरी झाली. युरोपातले कापड आणि इथल्या गिरण्यांचे कापड तिथे शेजारीशेजारी मांडले गेले, तेव्हा आपण किती मागे आहोत हे स्थानिक गिरणीमालकांच्या ध्यानात आले. थिओडोर सर्च यांनी पुढाकार घेतला, मालकांना संघटित केले, आणि १८८४ साली मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन फिलाडेल्फिया टेक्स्टाइल स्कूल सुरू झाले. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपले व्हीजेटीआय, तीन वर्षांनी, १८८७ साली निघाले. गिरण्यांना शिकलेली माणसे हवीत, ही गरज दोन्ही शहरांत सारखीच होती.

आणखी एक योग मराठी वाचकाला सांगायलाच हवा. १८८४ साली ही शाळा सुरू झाली तेव्हा आनंदीबाई जोशी याच शहरात विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. मार्च १८८६मध्ये त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्यांचे ते कॉलेज पुढे १९३० साली ईस्ट फॉल्समधल्या हेन्री अव्हेन्यूवर गेले आणि १९४९ साली टेक्स्टाइल स्कूलही त्याच भागात राहायला आले. काळाने दोन्ही संस्थांची नावे पुसली, पण परिसर एकच.

नावांचे म्हणाल तर टेक्स्टाइल स्कूलचे चाळिशीच्या दशकात फिलाडेल्फिया टेक्स्टाइल इन्स्टिट्यूट झाले. १९६१मध्ये फिलाडेल्फिया कॉलेज ऑफ टेक्स्टाइल्स अँड सायन्स झाले. शहरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या तसे नुसत्या कापडावर भागेना. डिझाइन, वास्तुकला, व्यवस्थापन असे विषय आले आणि १९९९मध्ये पाटी बदलून फिलाडेल्फिया युनिव्हर्सिटी झाली. २०१७मध्ये ती थॉमस जेफरसन युनिव्हर्सिटीत विलीन झाली. ही जेफरसन म्हणजे १८२४ साली वैद्यकीय कॉलेज म्हणून निघालेली जुनी, बडी संस्था. मगी विद्यार्थी म्हणून आले तेव्हा इन्स्टिट्यूट होती, पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा कॉलेज होते, आणि निवृत्त झाले तेव्हा संघाच्या छातीवर जेफरसन हे नाव होते. जर्सीवरचे नाव बदलत राहिले तरी बाकावर बसलेला माणूस तोच राहिला. विलीनीकरणात लहान संस्थांची ओळख विरघळून जाते. इथे बास्केटबॉलच्या बाबतीत ती टिकली याचे मोठे श्रेय मगींना आहे, असे मी नि:शंकपणे म्हणेन.

फिलाडेल्फिया हे बास्केटबॉलचे वेड असलेले शहर. पेनसिल्व्हेनिया, टेंपल, ला साल, सेंट जोसेफ्स आणि व्हिलानोव्हा या पाच विद्यापीठांची ‘बिग फाइव्ह’ नावाची आपसातली चुरस १९५०च्या दशकात सुरू झाली, आणि १९२७ साली बांधलेल्या पॅलेस्ट्रा या सभागृहातले त्यांचे सामने शहराच्या आठवणींचा भाग आहेत. टेक्स्टाइल या पाचांत कधीच नव्हते. या पाचांच्या सावलीत राहून एका कापड-कॉलेजाने स्वतःचे स्थान मिळवले.

हर्ब मगी याच शहराच्या पश्चिम भागातले, जन्म १९४१चा. मगी शाळकरी वयात असतानाच वडील आणि आई दोघेही थोड्याच अंतराने गेले. मामा एडविन गॅलाघर हे कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी भाच्यांना सांभाळले. वेस्ट कॅथलिक या शाळेत मगींबरोबर खेळणारे जिम लायनम आणि जिम बॉइल हे दोघेही पुढे सेंट जोसेफ्सचे प्रशिक्षक झाले आणि लायनम तर एनबीएतही गेले. एका शाळेच्या एका संघातून तीन प्रशिक्षक निघाले. शाळा, पॅरिश आणि गल्लीतली रिंग यांचे ते जाळे मगींना आयुष्यभर पुरले.

टेक्स्टाइलमध्ये ते बकी हॅरिस यांच्या हाताखाली खेळले आणि चार वर्षांत २२३५ गुण केले. तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती. कितीही लांबून टाकला तरी गुण दोनच. १९६३मध्ये बोस्टन सेल्टिक्सने त्यांना सातव्या फेरीत निवडले. बिल रसेल यांचा तो संघ त्याच वर्षी एनबीएचा विजेता ठरला होता. पण हाताच्या बोटांना दुखापत झाली आणि व्यावसायिक खेळ राहून गेला. हॅरिस यांनी त्यांना सहायक म्हणून ठेवून घेतले. मगी कॉलेजात व्यायामशिक्षण शिकवू लागले आणि संध्याकाळी संघाबरोबर राहू लागले. चार हंगाम असे गेले. १९६७मध्ये हॅरिस यांच्या जागी मगी आले.

माझ्या मते २०२२मध्ये संघ ज्या रीतीने दुसऱ्याच्या हाती गेला तिचे मूळ या चार वर्षांत आहे. या कॉलेजाने १९६७ सालीही बाहेर बडे नाव शोधले नव्हते. आपल्याच कोर्टवर वाढलेल्या, चार वर्षे शेजारी बसून काम शिकलेल्या तरुणाला त्यांनी संघ दिला. संस्थेला ती सवय तिथेच लागली.

आणि त्या निर्णयाचे फळ तिसऱ्याच हंगामात दिसले. मार्च १९७०मध्ये इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल इथे टेक्स्टाइलने टेनेसी स्टेटला ७६-६५ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या वर्षी २९ सामने जिंकले, दोन हरले. प्रशिक्षक अठ्ठावीस वर्षांचे. हे अजिंक्यपद त्या वेळच्या ‘कॉलेज डिव्हिजन’चे, म्हणजे लहान कॉलेजांच्या गटाचे. १९७३मध्ये त्या गटाचे दुसरी आणि तिसरी डिव्हिजन असे दोन भाग झाले आणि टेक्स्टाइल दुसरीत राहिले. मोठ्या गटात त्याच महिन्यात जिंकला तो लॉस एंजेलिसचा यूसीएलए, जॉन वुडन यांचा. वुडन यांच्याकडे आपल्याला पुढे यायचे आहे.

नंतरच्या अर्धशतकात खेळाचे नियमच इतके बदलले की १९७०चा सामना आज दाखवला तर नवख्या प्रेक्षकाला तो वेगळाच खेळ वाटेल. मगी मुख्य प्रशिक्षक झाले त्याच हंगामापासून अमेरिकी कॉलेजांत ‘डंक’ करायला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगेत कोंबायला, बंदी आली होती. ती १९७६मध्ये उठली. १९८५च्या हंगामात चेंडू किती सेकंदांत टाकायचा याची घड्याळे लागली, त्यांचा अवधी पंचेचाळीस सेकंदांवरून पुढे तिसांवर आला. १९८६मध्ये तीन गुणांची रेषा आली. नियम बदलला की बऱ्याच प्रशिक्षकांची गणिते चुकतात. मगींना तीन गुणांची रेषा म्हणजे पर्वणीच ठरली, कारण लांबून नेम साधणे हे तर त्यांचे बालपणापासूनचे काम.

‘शॉट डॉक्टर’ हे त्यांना पडलेले नाव. एनबीएत गेलेले खेळाडूसुद्धा नेम बिघडला की त्यांच्याकडे येत. फिलाडेल्फियाच्याच एनबीए संघाचा, सेव्हंटीसिक्सर्सचा, इव्हान टर्नर २०११च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे आला होता. नेम शिकवणे हे किती बारीक काम आहे ते ज्याने कोर्टवर मुलांना शिकवले आहे त्यालाच कळेल. चेंडू तळहाताला चिकटू द्यायचा नाही, बोटांच्या पेरांवर तोलायचा. कोपर बाहेर फाकले की चेंडू रिंगच्या कडेला लागून उडतो, म्हणून कोपर चेंडूच्या खाली हवे. दुसरा हात फक्त आधाराला. त्याचा अंगठा नकळत चेंडूला धक्का देतो आणि मुलगा म्हणत राहतो, सर, सगळे बरोबर करतोय तरी डावीकडे का जातो? चेंडू सुटल्यावर मनगट पुढे वाकलेले आणि बोटे रिंगकडे तशीच राहिली पाहिजेत. आधी रिंगखाली उभे राहून, एका हाताने, शेकडो वेळा. तिथे नेम पक्का झाला की एक पाऊल मागे. चुकीची सवय दोन वर्षे मुरलेली असेल तर ती मोडायला तेवढाच काळ जातो आणि त्या काळात मुलाचे गुण कमी होतात. त्या कमी झालेल्या गुणांसकट त्याला संघात ठेवण्याची हिंमत प्रशिक्षकात असावी लागते. हे काम वर्षानुवर्षे एका जागी थांबणारा माणूसच करू शकतो.

लहान कॉलेजात प्रशिक्षकाचे काम केवळ कोर्टपुरते नसते. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या दहाच देता येतात. त्या दहांचे तुकडे करून बारा-चौदा मुलांत वाटायच्या, कोणाला निम्मी फी, कोणाला राहण्याजेवण्याचा खर्च, कोणाला नुसती पुस्तके. उरलेले पैसे घरच्यांनी कसे उभे करायचे हे आईवडिलांसमोर बसून समजावायचे. मोठ्या विद्यापीठांनी ज्याच्याकडे पाहिलेही नाही असा, दोन इंच कमी पडलेला किंवा उशिरा वाढलेला मुलगा हेरायचा. शहरातल्या कॅथलिक शाळांचे प्रशिक्षक, सनी हिल लीगसारख्या उन्हाळी स्पर्धांची मैदाने, जुने विद्यार्थी या सगळ्यांशी वर्षभर संबंध ठेवायचा. या कॉलेजात महिला संघाचे प्रशिक्षक टॉम शर्ली हेच अनेक वर्षे क्रीडा विभागाचेही प्रमुख होते. यावरून माणसे किती कमी आणि कामे किती जास्त, याचा अंदाज येईल. शर्ली आणि मगी यांच्या दोन संघांनी त्या लहान आवाराला जी शिस्त लावली तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

याच शहरालगतच्या चेनी स्टेट या छोट्या कॉलेजाचे जॉन चेनी यांनी १९७८मध्ये दुसऱ्या डिव्हिजनचे अजिंक्यपद मिळवले आणि १९८२मध्ये ते टेंपल विद्यापीठात गेले. लहान कॉलेजातून मोठ्यात, हा रूढ मार्ग, आणि त्यात काही गैर नाही. चेनी तिथेही थोर ठरले. मगी मात्र राहिले. फेब्रुवारी २०१०मध्ये ९०३वा विजय मिळवून त्यांनी प्रशिक्षक बॉब नाइट यांचा ९०२ विजयांचा आकडा ओलांडला. २०११मध्ये स्प्रिंगफील्डच्या नाइस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळाले. डेनिस रॉडमन, ख्रिस मलिन, आर्व्हिदास साबोनिस आणि टेक्स विंटर यांच्याच रांगेत. फेब्रुवारी २०१५च्या सुरुवातीला पोस्ट युनिव्हर्सिटीविरुद्ध हजारावा विजय आला. ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की हजारावर पोचले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, नोंदीत त्यांच्यानंतर मगीच. शशेव्हस्कींची एकूण बेरीज १२०२, पण त्यातले ड्यूकमधले ११२९. मगींचे ११४४ सगळेच्या सगळे एका कॉलेजसाठी. हा आकडा मला इतर सगळ्या मानसन्मानांहून मोठा वाटतो.

सत्तरी उलटली तेव्हा प्रश्न सुरू झाला. मगी सरांनंतर कोण?

अमेरिकेत कॉलेजचा प्रशिक्षक निघाला की ठरलेली पद्धत असते. क्रीडाप्रमुख एक शोध-समिती नेमतो, जाहिरात निघते, देशभरातून अर्ज येतात, चार-पाच जणांना आवारात बोलावतात, त्यांना खेळाडूंशी भेटवतात, मग नाव जाहीर होते. यात सहज काही आठवडे जातात. तोवर हंगामी प्रशिक्षक असतो आणि इतर कॉलेजांचे फोन मुलांना सुरू होतात. कारण मुले कॉलेज निवडतात तेव्हा बऱ्याचदा प्रशिक्षक पाहूनच निवडतात. २०१८मध्ये बदली-नोंदणीची मध्यवर्ती ऑनलाइन यादी सुरू झाल्यापासून तर खेळाडूने आपले नाव तिथे टाकायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी दहा कॉलेजे दारात. लहान कॉलेजला याचा दुहेरी फटका बसतो: प्रशिक्षक गेला की मुले जातात, आणि मुलगा चमकला की पहिल्या डिव्हिजनवाले त्याला वर ओढतात. शोध लांबला तर नवा प्रशिक्षक येईपर्यंत संघच उरत नाही.

आणि शोध नीट झाला तरी मोठ्या माणसाच्या जागी येणे सोपे नसते. वुडन १९७५मध्ये निवृत्त झाले ते शेवटच्या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे मिळवून. त्यांच्या जागी बाहेरून आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ५२ सामने जिंकले आणि केवळ नऊ हरले, तरी लोकांचे समाधान होईना. ते सोडून गेले. वुडन यांच्यानंतरच्या नऊ वर्षांत, म्हणजे १९८४पर्यंत, यूसीएलएने बार्टो धरून चार प्रशिक्षक पाहिले. याउलट नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांनी ऑक्टोबर १९९७मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना निवृत्ती जाहीर केली. अशा वेळी बाहेर शोधायला सवडच नसते, आणि तीस वर्षे त्यांचे सहायक राहिलेले बिल गथरिज यांना संघ मिळाला. गथरिज यांनी तीन हंगामांत दोनदा संघ अंतिम चारांत नेला.

फिलाडेल्फियात हा प्रश्न सुटला तो फारसा गाजावाजा न होता. २०२१-२२चा हंगाम आपला शेवटचा, हे मगींनी आधीच सांगून टाकले होते. त्यांचे सहयोगी मुख्य प्रशिक्षक जिमी रायली हे त्यांचेच जुने खेळाडू. ते पुढचे मुख्य प्रशिक्षक झाले. हॅरिस यांचा खेळाडू मगी, मगींचा खेळाडू रायली. १९६७पासून आजवर या संघाची सूत्रे एकदाच बदलली आणि तीही घरातल्या घरात. मोठ्यांकडेही त्याच वर्षी असेच झाले. ड्यूकमध्ये शशेव्हस्की यांनी जून २०२१मध्येच निवृत्ती जाहीर केली आणि २०१०च्या अजिंक्य संघाचे एक कर्णधार जॉन शायर यांचे नाव त्याच वेळी ठरले. दोघे हजारी प्रशिक्षक एकाच वसंतात निवृत्त झाले आणि दोघांच्या जागी त्यांचे विद्यार्थी आले.

घरचा माणूस नेमला की काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. फिलाडेल्फियाच्या वेशीवरच्या व्हिलानोव्हात जे रायट यांनी २०१६ आणि २०१८ अशी दोन अजिंक्यपदे मिळवली. एप्रिल २०२२मध्ये, अंतिम चारांत खेळून आल्यावर काहीच आठवड्यांत, साठीतच त्यांनी एकाएकी पद सोडले. त्यांच्या जागी काइल नेप्च्यून आले. तेही रायट यांचेच जुने सहायक, फोर्डहॅममध्ये एक वर्ष मुख्य प्रशिक्षक राहून आलेले. तीन हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही प्रवेश मिळाला नाही आणि मार्च २०२५मध्ये त्यांना जावे लागले. नेप्च्यून यांच्यात काही कमी होते असे मला वाटत नाही. खेळाडूंना आपल्या नावाच्या वापरातून पैसे कमावण्याची मुभा नुकतीच, २०२१च्या जुलैत मिळाली होती, बदल्या खुल्या झाल्या होत्या, आणि आदला माणूस अचानक निघून गेला होता. मगींनी एक पूर्ण हंगाम आधी सांगितले आणि तो हंगाम रायली त्यांच्या शेजारी बसले. व्हिलानोव्हाला असा हंगाम मिळाला नाही.

त्या शेवटच्या हंगामात काय हाती जाते? शाळेच्या कोणत्या प्रशिक्षकाला सकाळी फोन करायचा आणि कोणाला रात्री, कोणत्या मुलाची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी वाढवण्याचा शब्द दिलेला आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या नेमाचे काम अर्ध्यावर आहे. हे कुठल्या फायलीत नसते. पालकांच्या मनातही नवा माणूस आधीच ओळखीचा झालेला असतो, म्हणून ते मुलाला परत पाठवायला बिचकत नाहीत. नव्याला आदल्याच्या डोळ्यांसमोर चुका करायला मिळतात आणि त्या सावरून घेणारा माणूस बाजूलाच असतो. रायली यांच्यापुढचे काम मगींच्या तरुणपणीपेक्षा अवघड आहे यात शंका नाही. मगींची मुले चार वर्षे राहत, आताची दर वर्षी विचार करतात. म्हणूनच त्यांना सुरुवात तरी अशी स्वच्छ मिळाली, याचे मोल जास्त.

हे सगळे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगण्याचे कारण आहे. बास्केटबॉल आपल्याकडे वायएमसीएच्या मार्गाने आला आणि मुंबईत त्याने नागपाड्यासारख्या दाटीवाटीच्या वस्तीत मूळ धरले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात तिथे उभारलेले नेबरहुड हाउस, ज्याच्या वास्तूत १९३६मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात झाली, त्याच मोहल्ल्यातले. प्रशिक्षक बच्चू खान यांच्या नावाचे मैदान तिथे आहे, आणि याच नागपाड्यातून भारताचे कर्णधार, १९७०चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर घडले. एका माणसाने गल्लीतल्या पोरांना हाताशी धरून खेळ रुजवावा, ही आपली जुनी रीत आहे आणि आपण तिचा अभिमान बाळगतो. आपल्या खो-खोच्या, कबड्डीच्या, मल्लखांबाच्या, बास्केटबॉलच्या कितीतरी संस्था अशा एकेका सरांनी उभ्या केल्या. मानधन नाही, सुट्टी नाही, पहाटे मैदानावर पाणी मारण्यापासून रात्री मुलांना घरी सोडण्यापर्यंत सगळे स्वतः करायचे.

पण सरांचे वय झाल्यावर काय, हे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. सर हयात असताना वारसाचे नाव काढायचे म्हणजे त्यांना जा म्हणण्यासारखे, असे कार्यकर्त्यांना वाटते. सरांनाही कधीकधी तसेच वाटते. मग एक दिवस सर दवाखान्यात असतात, मैदानावर मुले ताटकळत उभी असतात, आणि किल्ली कोणाकडे आहे इथून सुरुवात होते. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर येते, मुले दुसऱ्या क्लबात जातात, आणि चाळीस वर्षांचे काम दोन हंगामांत विरते. अशी मैदाने प्रत्येक गावात आहेत. नावे घ्यायची गरज नाही. सरांचा मान राखायचा असेल तर त्यांनी घडवलेल्या खेळाडूलाच त्यांच्या शेजारी उभे करावे, आणि ते सरांच्याच तोंडून जाहीर व्हावे. टेक्स्टाइल कॉलेजाने १९६३ ते १९६७ या चार वर्षांत हेच केले होते, आणि तेव्हा तर त्यांच्याकडे हॉल ऑफ फेमचे नावही नव्हते.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्या प्रत्येक क्रीडा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव करा. आपल्या प्रशिक्षकांनी स्वतः निवडलेल्या सहायकाचे नाव इतिवृत्तात लिहा, या हंगामापासून आठवड्यातले निदान तीन दिवस सराव त्याच्याकडे द्या, पालकांच्या बैठकीला त्याला बोलावा, आणि मैदानाची दुसरी किल्ली त्याच्या हाती ठेवा.